सलामीची लढत : कार्ल्टन विरुद्ध रिचमंड

कार्ल्टन (स्थापना १८६४) आणि रिचमंड (१८८५) हे मेलबर्नमधील ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे कट्टर प्रतिस्पर्धी क्लब. २००८ नंतरच्या बहुतेक हंगामांत पहिल्याच फेरीत, सुमारे एक लाख प्रेक्षक मावणाऱ्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर त्यांची गाठ पडली. कार्ल्टनची जर्सी गडद निळी; रिचमंडची काळी, तिच्यावर तिरका पिवळा पट्टा.

या दोघांमध्ये झालेल्या अंतिम सामन्यांपैकी १९६९ आणि १९७३ चे रिचमंडने, तर १९७२ आणि १९८२ चे कार्ल्टनने जिंकले. १९७२ मध्ये कार्ल्टनने १७७-१५० अशी बाजी मारली.

या खेळात प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडल्यास सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेल्यास एक. सामना चार सत्रांचा असतो.