वाऱ्याने राखलेला किनारा

पोर्तुगालला सुट्टीसाठी येणारे बहुतेक युरोपीय पर्यटक उतरतात ते आल्गार्व्हच्या दक्षिण किनाऱ्यावर. तिथे समुद्र निवांत, ऊन मुबलक आणि हॉटेलांची रांग संपता संपत नाही. हाच किनारा नैर्ऋत्य टोकाशी, साग्रेशपाशी वळून उत्तरेला लागला की सगळा नूरच पालटतो. काळेकभिन्न उभे कडे, त्यांच्यावर आदळणारा अटलांटिक, कड्यांच्या कुशीत लपलेल्या पुळणी आणि समुद्रापासून अंतर राखून वसलेली पांढरी गावे. उत्तरेला अलेन्तेजू आणि दक्षिणेला आल्गार्व्ह अशा दोन प्रांतांत हा पट्टा विभागलेला आहे. आल्गार्व्हकडच्या भागाला ‘कोश्ता व्हिसेन्तिना’ म्हणतात.

हा किनारा इतका मोकळा राहिला, याचे पहिले श्रेय उत्तरेच्या वाऱ्याला. उन्हाळाभर वाहणाऱ्या या वाऱ्याला इथले लोक ‘नोर्ताडा’ म्हणतात. त्याच्या जोराने आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी खोल समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला तळाकडचे थंड पाणी वर येते. त्यामुळे ऐन ऑगस्टमध्येही पाण्यात पाय टाकताच अंगावर शहारा येतो. मात्र तळातून वर आलेले हे पाणी पोषक द्रव्यांनी समृद्ध असते, त्यामुळे सार्डिनचे थवेच्या थवे इथे पोसतात. पोहणाऱ्यांची गैरसोय ती मासेमारांची चंगळ! वाऱ्याच्या जोडीला पुढे कायदाही आला. १९८८ मध्ये या पट्ट्याला संरक्षण मिळाले आणि १९९५ मध्ये सीनेशच्या दक्षिणेपासून बुर्गाऊपर्यंतचा शंभरहून अधिक किलोमीटरचा किनारा निसर्गउद्यान म्हणून जाहीर झाला.

सीनेश ते मिल्फोन्तेश

या वाटेचे उत्तरेकडचे दार म्हणजे सीनेश. आज त्याची ओळख खोल पाण्याचे बंदर आणि तेलशुद्धीकरण कारखाना अशी आहे. पण जुन्या गावातला किल्ला आपल्याला थांबवतो, कारण वास्को द गामाचे वडील इथे किल्लेदार होते आणि वास्कोचा जन्मही इथलाच मानला जातो. भारताचा सागरी मार्ग शोधून परतल्यावर राजाने त्याला बक्षीस म्हणून सीनेश देऊ केले. पण गावाची मालकी सांतियागो या लष्करी धर्मसंघाकडे होती आणि संघ काही ती सोडायला तयार होईना. अखेर १५०७ मध्ये राजाज्ञेने गामालाच कुटुंबकबिल्यासह गाव सोडावे लागले. १५२४ मध्ये तो व्हाइसरॉय होऊन तिसऱ्यांदा भारतात आला, तेव्हा त्याचा काफिला आधी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला लागला, मग गोव्याला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत त्याचा मृत्यू झाला. गोव्यातल्या एका शहराला ज्याचे नाव आहे, त्याला स्वतःच्या गावात मात्र घर करता आले नाही.

तिथून दक्षिणेला पोर्तू कोवू. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका धनाढ्य व्यापाऱ्याने आखून वसवलेले हे गाव. चौकाभोवती बसकी पांढरी घरे आणि भिंतींच्या पायथ्याशी निळा पट्टा. समोरच्या पेसेगैरू बेटावर रोमन काळात मासे खारवत असत, त्या हौदांचे अवशेष आजही दिसतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी बेट आणि किनारा यांच्यामध्ये दगडांचा बांध घालून बंदर करण्याचा घाट घातला गेला, पण ते काम अर्धवटच राहिले.

मीरा नदीच्या मुखावरचे विला नोव्हा दे मिल्फोन्तेश हे त्यामानाने सौम्य गाव. खाडीचे पाणी समुद्राइतके थंड आणि खवळलेले नसते, म्हणून लहान मुले घेऊन येणाऱ्यांनी मुक्काम इथेच करावा. खाडीकाठचा किल्ला उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांपासून बचावासाठी बांधलेला. ७ एप्रिल १९२४ रोजी याच गावाजवळच्या माळावरून ब्रितू पाइश आणि सार्मेन्तू दे बैरेश हे दोन वैमानिक ‘पात्रिया’ नावाच्या विमानातून मकावला निघाले. आपल्या राजस्थानात विमान सक्तीने उतरवावे लागले आणि ते निकामी झाले. तेव्हा भारतातच दुसरे विमान विकत घेऊन त्यांनी पुढचा पल्ला गाठला.

करकोचे आणि हरितगृहे

मिल्फोन्तेशच्या दक्षिणेला सार्दांव भूशिरावर वसंतात जरूर जावे. पांढरे करकोचे एरवी झाडांवर, घरांच्या धुराड्यांवर, चर्चच्या मनोऱ्यांवर घरटी बांधतात. इथे मात्र ते थेट लाटांमधून वर आलेल्या सुळक्यांवर संसार थाटतात. समुद्रकड्यांवर घरटी करणारे पांढरे करकोचे जगात इतरत्र आढळत नाहीत, असे मानले जाते. या सुळक्यांचा खडक तीस कोटी वर्षांहून जुना. भूखंड एकमेकांवर रेटले गेले तेव्हा त्याचे थर दुमडले, आणि त्या घड्या आल्मोग्राव्हच्या पुळणीवर हाताने चाचपून पाहता येतात.

झांबुजैरा दू मार हे कड्याच्या अगदी काठावर बसलेले गाव. इथून आत वळले की प्लास्टिकने झाकलेली हरितगृहे लागतात. त्यांतली रासबेरी उत्तर युरोपच्या बाजारात जाते आणि ती तोडणारे हात बरेचसे नेपाळ, भारत आणि बांगलादेशातून आलेले असतात. २०२१ च्या वसंतात कोविडमुळे इथल्या दोन परगण्यांची नाकेबंदी झाली, तेव्हा एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या या मजुरांचे हाल पोर्तुगालभर गाजले. निसर्गउद्यानाच्या हद्दीत ही शेती किती वाढू द्यायची, हा वाद अजून मिटलेला नाही.

आल्गार्व्हची पश्चिम बाजू

सैश नदी ओलांडली की आल्गार्व्ह सुरू. ओदेसैशची पुळण नदी आणि समुद्र यांच्या मधोमध आहे. एका अंगाला उथळ नदी, दुसऱ्या अंगाला अटलांटिकच्या लाटा. पुढच्या अल्जेझूरचा किल्ला अरबांच्या काळातला. १७५५ च्या भूकंपात गाव कोसळले, तेव्हा बिशपने ओढ्यापलीकडच्या टेकडीवर नवे चर्च बांधून लोकांना तिकडे बोलावले. काही गेले, काही जुन्या जागी चिकटून राहिले. अल्जेझूर त्यामुळे आजही दोन तुकड्यांत आहे. इथल्या रताळ्यांना युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि नोव्हेंबरात रताळ्यांचा उत्सवही भरतो.

अरिफानाजवळच्या कड्यावर बाराव्या शतकातल्या रिबातचे, म्हणजे मुस्लिम तटबंद मठाचे, अवशेष आहेत. इब्न कासी या सूफी नेत्याने तो उभारला होता. कारापातैराला चाच्यांच्या भीतीने चर्चभोवतीच तटबंदी घातलेली. जवळच्या आमादू किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणाऱ्यांची गर्दी असते, तर बोर्दैराच्या विस्तीर्ण पुळणीवर माणूस तुरळक.

इथल्या खाणावळीत ‘पर्सेबेश’ मागवावे. शिंपल्याच्या जातीचे वाटले तरी हे खेकड्या-कोळंबीचे भाऊबंद. लाटा जिथे सर्वांत जोरात फुटतात, तिथल्या खडकांना ते चिकटून वाढतात. कमरेला दोर बांधून, दोन लाटांच्या मधल्या उसंतीत ते खरवडून काढावे लागतात, म्हणूनच महाग. मिठाच्या पाण्यात उकळायचे आणि साल सोलून खायचे, मसाला काही नाही.

शेवटी साग्रेश. राजपुत्र हेन्री १४६० मध्ये इथेच वारला. त्याने इथे नौकानयनाची शाळा काढली होती, ही कथा इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढली आहे. किल्ल्यातल्या ४३ मीटर व्यासाच्या दगडी वर्तुळाचे कोडे मात्र सुटलेले नाही. पलीकडचे साओं व्हिसेन्ते भूशीर म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचे नैर्ऋत्य टोक, तिथले दीपगृह १८४६ चे.

जायचे कसे?

लिस्बनहून पोर्तू कोवू आणि मिल्फोन्तेशला थेट बस आहेत. साग्रेशसाठी लागुशपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस घ्यावी. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम काळ. पण हा किनारा खरा पाहायचा तो पायीच. मासेमारांच्या जुन्या वाटा जोडून केलेला मार्ग हिरव्या-निळ्या खुणांनी दाखवलेला आहे. त्यातला पोर्तू कोवू ते ओदेसैश हा टप्पा चार दिवसांत होतो. रोज पंधरा ते बावीस किलोमीटर, तेही बरेचसे वाळूतून. बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवण्याची सोय असते. कड्याच्या काठाशी जाऊ नये, खालचा खडक पोखरलेला असतो. आणि चालायचे ते उत्तरेकडून दक्षिणेकडे. मग ज्या वाऱ्याने हा किनारा राखला, तोच पाठीशी राहून पुढच्या गावापर्यंत ढकलत नेतो.