वाडी रत्नागिरी : एका लहान वाडीचा इतिहास व तिच्या दंतकथा

कोडोलीच्या दक्षिणेस, पन्हाळ्याकडून आलेल्या डोंगराच्या सोंडेवर, वाडी रत्नागिरी नांवाची वस्ती आहे. यात्रेकरू तिला हें नांव क्वचितच देतात. त्यांच्या तोंडीं 'जोतिबा' किंवा 'जोतिबाचा डोंगर' एवढेंच असतें. १८८६ सालीं छापलेल्या कोल्हापूर गॅझेटियरांत हिचा उल्लेख मुख्यत्वें गुरवांची वस्ती असलेलें लहान गांव असा आहे. ज्या वाडीचा पसारा इतका अल्प, तिच्या माथ्यावर शिंदे, हिम्मतबहाद्दर व करवीरचें राजकुल अशा तीन घराण्यांनीं बांधकामें करावीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तिचाच थोडासा उलगडा येथें करावयाचा आहे.

१. नांवाविषयीं

स्थानिक कथा अशी कीं, या डोंगरावर रत्नासुर नांवाचा दैत्य मातला होता. कोल्हापूरच्या अंबाबाईस दैत्यांचा उपद्रव झाला, तेव्हां तिनें हिमालयांत जाऊन केदारनाथाची आराधना केली. देव प्रसन्न होऊन दक्षिणेस आला, दैत्यांचा संहार झाला, आणि रत्नासुरावरून डोंगरास रत्नागिरी हें नांव पडलें. कार्य संपल्यावर देव परत निघाला असतां देवीनें त्यास राहण्याची विनंति केली व तो येथेंच राहिला, असें सांगतात.

माहात्म्यग्रंथांची एक रीत ध्यानांत ठेवली म्हणजे या कथेचा अर्थ लागतो. कोल्हापुरास कोल्हासुर, औंधास औंधासुर, तसा रत्नागिरीस रत्नासुर. दैत्यावरून गांवाचें नांव पडलें असें कथा म्हणते. परंतु गांवोगांवीं हाच सांचा आढळतो, त्या अर्थीं गांवाच्या नांवावरून दैत्य कल्पिला गेला, हेंच अधिक संभवनीय. डोंगरावरील यमाईचें नांव 'ये माई' या देवाच्या हांकेवरून आलें, ही व्युत्पत्तिही त्याच जातीची आहे. भाषाशास्त्रांत तिला मोल नाहीं. पण औंधची देवी येथें कशी आली, हें लोकांनीं कसें समजून घेतलें याची ती साक्ष आहे. म्हणून ती टाकून देऊं नये, टिपून ठेवावी.

'केदार' शब्दाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. अमरकोशांत हा शब्द क्षेत्र, म्हणजे शेत, या अर्थीं दिला आहे. तेव्हां केदारनाथ किंवा केदारलिंग हें नांव हिमालयांतील तीर्थाकडे बोट दाखवितें, तसेंच शेताच्या धन्याकडेही दाखवितें. या देवाची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेस, रब्बीचें पीक घरांत आल्यावर आणि पुढील पेरणीपूर्वीं भरते. तिला येणारा समाज बहुतांशीं कुणब्यांचा असतो. येथें पुराण आणि शेती यांची सांगड पडली आहे.

२. इमारतींचा क्रम

मूळचें देऊळ कऱ्हाडजवळील किवळच्या नावजी नामक भक्तानें बांधलें अशी परंपरा आहे. त्याजागीं सध्यांचें मुख्य देऊळ राणोजी शिंदे यानें १७३० सालीं उभारलें. चोपडाईचें देऊळ प्रीतिराव चव्हाण हिम्मतबहाद्दर यानें १७५० त, रामलिंगाचें मालजी निलम पन्हाळकर यानें १७८० त, आणि केदारेश्वराचें दौलतराव शिंदे यानें १८०८ त बांधलें. यमाईचें देऊळ राणोजीचेंच. त्यापुढील दोन कुंडांपैकीं एक जिजाबाईसाहेबांनीं १७४३ च्या सुमारास बांधविलें व दुसरें, जमदग्नितीर्थ, राणोजीनें. हे सन गॅझेटियरांत दिलेले आहेत.

आतां या यादीशेजारीं राजकीय घडामोडी मांडून पाहाव्या. १७३० सालींच वारणेकांठीं शाहूमहाराज व करवीरकर संभाजीमहाराज यांच्या फौजांचा झगडा झाला. संभाजीमहाराजांच्या बाजूस उदाजी चव्हाण हिम्मतबहाद्दर होता. श्रीपतराव प्रतिनिधीनें छावणीवर छापा घालून ती लुटली; राजपरिवारांतील ज्या स्त्रिया त्याच्या हातीं लागल्या, त्यांत ताराबाई व संभाजीमहाराजांची राणी जिजाबाई या होत्या. पुढें १३ एप्रिल १७३१ रोजीं वारणेचा तह होऊन नदीच्या दक्षिणेकडील मुलूख करवीरकडे राहिला. वाडी रत्नागिरी दक्षिणेस, अर्थात् करवीरच्या हद्दींत.

म्हणजे शाहूमहाराजांच्या पक्षाचा सरदार राणोजी प्रतिपक्षाच्या मुलुखांत देऊळ बांधतो. छाप्यांत सांपडलेली जिजाबाई तेथेंच कुंड बांधविते. आणि उदाजीच्या हिम्मतबहाद्दर घराण्यांतील पुरुष चोपडाईचें देऊळ उभारतो. वारणेच्या वाळवंटांत जे समोरासमोर ठाकले, त्यांचीं पुण्यकृत्यें एका डोंगरावर अंगणाला अंगण लावून उभीं आहेत. शिंद्यांपुरतें कारण उघड आहे : कण्हेरखेडचें हें घराणें जोतिबास कुलस्वामी मानी. १७४२ त ओर्छ्यास मारला गेलेला राणोजीचा पुत्र जोतिबा याचें नांव याच देवाचें. कुलदैवत राज्याच्या सीमेनें बदलत नाहीं.

३. सासनकाठ्यांची साक्ष

हाच निष्कर्ष यात्रेच्या मानावरूनही निघतो. चैत्री पौर्णिमेस उंच वेळूच्या, निशाणें लावलेल्या सासनकाठ्या घेऊन गांवोगांवचे मानकरी येतात. 'चांगभलं'चा घोष आणि गुलालाची उधळण होऊन सारा डोंगर रंगतो. या काठ्यांत पहिला मान साताऱ्याकडील पाडळीचा, त्यामागून पाटणकडील विह्याचा. हीं दोन्ही गांवें वारणेच्या उत्तरेस, तहानें साताऱ्याकडे राहिलेल्या मुलुखांत. देव करवीरच्या हद्दींत असूनही अग्रमान पलीकडच्या तीराकडे राहिला, आणि मूळ देवळाचा कर्ता मानला गेलेला नावजीही तिकडचाच. राजांनीं नदी ही सीमा ठरविली, भक्तांनीं ती नुसती ओलांडावयाची वाट मानली. इमारतींचे सन आणि मानांचा क्रम हीं दोन स्वतंत्र साधनें एकच गोष्ट सांगतात, यांत त्यांचें बळ आहे.

४. संग्राहकांस सूचना

जुन्या रुमालांत नुसतें 'रत्नागिरी' असें आलें कीं वाचणाऱ्याचें लक्ष सहजच कोंकणाकडे जातें. परंतु त्याच कागदांत केदारलिंग, पन्हाळा, गुरव, नंदादीप, सासनकाठी असे शब्द आले असतील तर तो कागद कोंकणच्या पुडक्यांत न घालतां वेगळा काढून पाहावा. तसेंच मानकरी घराण्यांत मानाबद्दलचे निवाडे, इनामाच्या सनदा व पूजेच्या वांटणीचे कागद असतील, तेथें मूळ मागण्याचा आग्रह न धरतां घरीं बसूनच नक्कल करून घ्यावी. मान हा आजही जिवंत हक्क आहे. कागद हातचा गेला तर मान जाईल ही भीति त्या घरांस वाटणें स्वाभाविक आहे, आणि तिचा आदर राखला तरच पुढचा कागद दाखविला जाईल.

मोठ्या राजधान्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. वारणेच्या तहाचीं कलमें दप्तरांत मिळतात. तो तह लोकांनीं कितपत मानला व कोठें मानला नाहीं, हें पाहावयाचें तर अशा वाडीवरच यावें लागतें.