परसाचा नकाशा आधी कागदावर

आमच्या परसातला हापूस आठव्या वर्षी छान मोहरला आणि पुढच्याच वर्षी आम्हाला तो तोडावा लागला. कलम लावताना भिंतीपासून चार हात जागा सोडली होती. एवढ्याशा रोपाला ती ऐसपैस वाटली! पुढे फांद्या कौलांवर घासू लागल्या, कौलं फुटली, ऐन पावसात स्वयंपाकघर गळू लागलं. झाड तोडल्यावर सासूबाई दोन दिवस मागच्या दारी फिरकल्या नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, पावसाळ्याआधी काही लावायचं असेल तर आधी नकाशा काढा. मुलांची कंपासपेटी, आलेख कागद आणि गवंड्याकडची लांब टेप एवढंच लागतं. शिवणाची टेप नको, ती ताणते. एका मीटरला एक सेंटिमीटर हे प्रमाण धरा.

प्रथम घराची मागची भिंत काढा. कुंपणावर विसंबू नका. चौकोनी दिसणारी जागा बहुधा तिरकी असते. आमची एक बाजू दुसरीपेक्षा मीटरभर लांब निघाली! म्हणून प्रत्येक वस्तू भिंतीच्या दोन्ही टोकांपासून मोजा. समजा, भिंत 8 मीटर आहे आणि विहीर एका टोकापासून साडेचार, दुसऱ्यापासून 6 मीटरवर आहे. कागदावर भिंतीच्या त्या त्या टोकावर कंपास टेकवून साडेचार आणि 6 सेंटिमीटरचे कंस काढा. ते छेदतील तिथे विहीर. कुंपणाचे कोपरे, नळ, संडासाची टाकी, सगळं असंच. टेपचं दुसरं टोक धरायला मुलं आनंदानं येतात, भूमितीही आपोआप होते.

उत्तर दिशा विसरू नका. पुण्याकडे चार मीटर उंच घराची सावली डिसेंबरात भर दुपारीसुद्धा उत्तरेला साडेतीन मीटर पडते. तिथे टोमॅटो लावून काय उपयोग?

आता झाडं. रोपाचा ठिपका काढू नका, वाढलेल्या झाडाचं वर्तुळ काढा: आंब्याला 10 सेंटिमीटर व्यासाचं, नारळाला साडेसात, लिंबाला 6. वर्तुळ घरावर किंवा शेजाऱ्यांच्या हद्दीत गेलं, तर खोडरबर हाताशी आहेच.

आंब्याच्या जागी आता आमचा कढीलिंब आहे. दुसऱ्या आंब्याचं वर्तुळ नकाशात कुठेच बसेना. सासूबाईंनी स्वतः कंपास फिरवून पाहिला.