उसातला वाघ

सिरसाळ्यात थंडी पडू लागली की ‘वाघ आला’ ही बातमी एकदा तरी गावभर फिरते. रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला गेलेल्या कुणाला बॅटरीच्या उजेडात डोळे चमकताना दिसतात. कुणाला ओल्या सरीत पंजा उमटलेला सापडतो. कुणाच्या आखाड्यावरचं कुत्रं रातोरात नाहीसं होतं. गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, अफवा. दुसरा म्हणतो, पिंजरा लावा. गेली काही वर्षं मी असं सांगणाऱ्यांचं बोलणं वहीत उतरवून घेतो. त्यातून एक समजलं : माणूस सहसा खोटं बोलत नाही, पण त्याच्या एका शब्दात अनेक जनावरं असतात.

आपल्याकडे ‘वाघ’ म्हणजे पट्टेरीही आणि बिबट्याही. अंधारात तडस, लांडगा, रानमांजरही त्याच नावाने ओळखलं जातं. म्हणून ‘काय दिसलं’ एवढंच न विचारता ‘काय उरलं’ हे विचारावं. बिबट्याच्या पावलात चार बोटं उमटतात, नखं सहसा उमटत नाहीत. तो नखं आत ओढून चालतो. कुत्रा, लांडगा आणि तडस यांची नखं दिसतात. तडसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. शेळी मारताना बिबट्या बहुधा गळा धरतो. कुत्र्यांच्या टोळीने फाडलेल्या जनावराला जागोजागी चावे असतात. आणि बिबट्याचा आवाज डरकाळीपेक्षा लाकडावर करवत चालवल्यासारखा असतो.

पण जिथे जंगल नाही, तिथे तो राहील कसा? याचं उत्तर नगर जिल्ह्यातल्या अकोल्याने दिलं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शेतशिवारात कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ऊस, वस्त्या आणि दाट लोकसंख्येच्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळपास तेवढीच तडसं. म्हणजे बिबट्या तिथे वाट चुकून आलेला नव्हता. तो तिथलाच रहिवासी होता. पुढच्या वर्षी त्याच्या विष्ठेवरून आहार तपासला गेला. खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. शेळ्यांचा ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणून माझ्या वहीत चमकणाऱ्या डोळ्यांपेक्षा हरवलेल्या कुत्र्याची नोंद मला अधिक मोलाची वाटते. गावाबाहेर मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण टाकली की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो.

माजलगाव धरणाचं पाणी कालव्याने फिरलं आणि आपल्या पट्ट्यातही ऊस उभा राहिला. दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर आहेतच. ऊस बिबट्याला आडोसा, गारवा आणि पिलं ठेवायला जागा देतो. पट्टेरी वाघाची गोष्टही आता निव्वळ आजोबांची राहिलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्याने पट्टेरी वाघ टिपला. पट्ट्यांच्या ठेवणीवरून तो यवतमाळकडच्या टिपेश्वरचा असल्याचं ओळखता आलं.

मग पिंजरा लावून दूर सोडायला काय हरकत आहे? जुन्नरचा अनुभव विचार करायला लावतो. तिथे आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत. २००१ पासून बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्याची मोहीम झाली, आणि ही सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, घराकडे निघतं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या अंगाला पोचला. त्याने वाटेत कुणाला इजा केली नाही. पण सोडलेल्या जागी तो राहिला नाही, हे खरं.

म्हणजे भीती खोटी, असं नव्हे. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात सुर्डी, किन्ही आणि पारगाव जोगेश्वरी इथे काही दिवसांत तीन माणसं गेली. नरभक्षक ठरलेला बिबट्या १८ डिसेंबरला करमाळा तालुक्यात वांगी परिसरात गोळी घालून मारावा लागला. त्या दिवसांत ज्यांनी रात्री पाणी दिलं, त्यांना सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाही नाही. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी म्हणूनच वन्यजीव रक्षणाचीही मागणी आहे.

आणि एक गोष्ट आपल्या जिल्ह्याचीच. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडचे कोयते मुकादमाची उचल फेडायला जुन्नर, संगमनेर, अकोल्याकडे निघतात. उसाच्या कडेला कोपी घालून, लेकरं उघड्यावर निजवून, पहाटे फडात उतरतात. बिबट्याच्या सर्वांत जवळ तेच राहतात, आणि खबर द्यायची कुणाला हे सर्वांत कमी त्यांनाच सांगितलेलं असतं. ऊस तोडताना पिलं सापडली तर हात लावू नये, वनखात्याला कळवावं. खातं ती त्याच जागी ठेवून रात्री आईला न्यायला वाव देतं, आणि ती बहुधा नेते. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक टोळीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये असावा. कोपीला दार आणि रात्री उजेड असावा. ते देणं कारखान्याचं काम आहे, उपकार नव्हे.

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. त्याच तिथीला अकोल्याच्या डोंगरातले आदिवासी वाघबारस करतात. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुरं-माणसं सांभाळ म्हणून विनवतात. भीती नाकारायची नाही आणि शेजारही नाकारायचा नाही, असा तो जुना करार आहे. यंदा टोळीबरोबर जाणाऱ्या आपल्या माणसांच्या सामानात फराळाबरोबर एक चांगली बॅटरी आणि तो चार आकडी नंबर घातला, तर त्या करारातली आपली बाजू थोडी तरी पाळली जाईल.