फिल कॉलिन्सचा ‘फेस व्हॅल्यू’ : ते ड्रम्स इतक्या उशिरा का येतात?

आज एक छोटं होमवर्क आहे. ‘इन द एअर टुनाइट’ हेडफोन लावून ऐका आणि घड्याळाकडे बघा. साधारण 3 मिनिटं 40 सेकंद होईपर्यंत खरे ड्रम्स येतच नाहीत. आणि गाणारा माणूस मूळचा ड्रमर!

फिल कॉलिन्स ‘जेनेसिस’ या ब्रिटिश बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. 1975 मध्ये गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला, मग गायचं कामही फिलकडे आलं. दौरे वाढले, इकडे लग्न मोडलं. 1979 मध्ये बँडला सुट्टी, घर रिकामं आणि हा एकटा. सोबतीला आठ ट्रॅकची टेपमशीन, सिंथेसायझर आणि रोलंड सीआर-78 हे ड्रममशीन. अल्बम काढायचा असं काही ठरलं नव्हतं. पण स्टुडिओत गेल्यावर बऱ्याच गाण्यांत त्याने तीच घरची टेप खाली ठेवली आणि बाकीचं वर चढवलं. म्हणून सुरुवातीची ती टिकटिक इतकी एकटी वाटते. ती खरंच एकट्या माणसाने घरी लावलेली आहे.

आता ड्रम्स. 1980 च्या आसपास लंडनच्या टाउनहाऊस स्टुडिओत गॅब्रिएलच्या अल्बमचं काम चालू होतं, ड्रम्सवर फिल, इंजिनिअर ह्यू पॅडगम. तिथे छताला एक माइक होता, फक्त वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून. बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज दाबला जावा यासाठी त्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर. फिल वाजवत असताना तो माइक चालू झाला आणि सगळे उडालेच. पॅडगमने वायरिंग बदलून तो आवाज रेकॉर्ड करता येईल असं केलं. आमच्या भाषेत, डीबगिंगची लाइन थेट प्रॉडक्शनला गेली!

होतं काय, तर नवीन रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवा. घुमते ना? कॉम्प्रेसर ते घुमणं फुगवतो. मग नॉइज गेट, म्हणजे ते घुमणं विरायच्या आत कोणीतरी दार धाडकन बंद करतं. आवाज प्रचंड, पण शेपूट नाही. ऐंशीच्या दशकातल्या पॉपने हे अक्षरशः पिळून काढलं. थोडं अतीच झालं, माझ्या मते.

अल्बम फेब्रुवारी 1981 मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला. त्यात ‘अर्थ, विंड अँड फायर’ची ब्रास मंडळी आहेत आणि झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’मध्ये वाजवणारे एल. शंकर व्हायोलिनवर आहेत. आणि हो, बुडणाऱ्या माणसाला कुणी वाचवलं नाही ही या गाण्यामागची ‘सत्यकथा’ म्हणजे व्हॉट्सॲपच्या आधीचा फॉरवर्ड. फिलने ती स्वतः नाकारली आहे. तो राग घटस्फोटाचा होता.

अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत एर्तेगुन यांना वाटलं, रेडिओवर लोक इतके थांबणार नाहीत. म्हणून सिंगलमध्ये आधीपासूनच जादा ड्रम्स घातले. तुम्ही मात्र अल्बममधलंच ऐका, आणि पुढे ढकलू नका!