प्रवाहिका, अमीबा आणि कुडासाल

प्रवाहिकेचा रुग्ण समोर आला की वैद्याचा हात प्रथम कुटजाकडे जातो, आणि ते परंपरेस धरूनच आहे. तथापि चिकित्सा केव्हा थांबवावी, हे ठरविण्यासाठी यांपैकी काही रुग्णांना पीडा देणाऱ्या एकपेशीय जीवाचा जीवनक्रम ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

एन्टामीबा हिस्टोलिटिका हा जीव दोन रूपांत आढळतो. मोठ्या आतड्यात तो चल रूपात असतो. छद्मपादांच्या साहाय्याने सरकतो, तेथील जीवाणू भक्षितो आणि प्रसंगी अंतस्त्वचा भेदून रक्तकणही गिळतो. हे रूप शरीराबाहेर लवकर नष्ट होते. मात्र मल घट्ट होऊ लागताच तोच जीव स्वतःभोवती कवच निर्माण करतो. चार केंद्रकांची ही पुटी जेमतेम १० ते २० मायक्रॉन व्यासाची असते. परंतु ओलसर माती व पाणी यांत ती दिवसच्या दिवस तग धरते. जठरातील अम्लाने ती मरत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेवरही विसंबता येत नाही. पाणी उकळणे हाच खात्रीचा उपाय. साहजिकच, प्रसाराच्या दृष्टीने जुलाबाने त्रस्त रुग्णापेक्षा बांधून मल होणारा, स्वतःस निरोगी समजणारा वाहक अधिक महत्त्वाचा ठरतो.

पंचगंगेच्या खोऱ्यात याचे भान विशेष हवे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत नदी वस्तीत शिरली. अशा वेळी शौचकूप, गटार आणि विहीर यांतील अंतर उरत नाही. पूर ओसरल्यावर ‘जुलाब थांबले’ म्हणून औषध सोडणाऱ्या रुग्णाची मलपरीक्षा पुन्हा करून घ्यावी.

मलपरीक्षेचा अहवालही तारतम्यानेच वाचावा. एन्टामीबा डिस्पार हा निरुपद्रवी जीव सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तसाच दिसतो. ब्रुम्प्ट यांनी १९२५ साली मांडलेला हा भेद सर्वमान्य होण्यास शतकाचा अखेरचा दशक उजाडावा लागला. रक्तकण गिळलेले चल रूप दिसल्यास मात्र संशयास फारशी जागा राहत नाही. ज्वर आणि उजव्या बरगडीखाली वेदना असल्यास यकृतविद्रधीची शंका घेऊन रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. अशा रुग्णास पूर्वी प्रवाहिका झालेली असतेच असे नाही.

आता औषधालयांविषयी. कुडासालीतील कोनेसीन या द्रव्याचा अमीबानाशक गुण प्रयोगांत आढळला आहे. पण बाजारात पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल सर्रास मिसळली जाते. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. इंद्रजव एकाचे गोडसर, दुसऱ्याचे कडू. सुकलेल्या सालीच्या तुकड्यांवरून ही पारख अवघड असल्याने, माल घेताना त्याच झाडाच्या शेंगा व बी मागून घ्यावे. कुटजारिष्ट असो वा कुटजघनवटी, साल बदलली तर पुढील सारा खटाटोप व्यर्थ जातो आणि दोष मात्र शास्त्रावर येतो.