आमच्या पीएफचा पैसा कुठे लागतो?
नागपूरजवळच्या वाडीत अमरावती रोडवरच्या एका गोदामात मी हिशेब लिहितो. ड्रायव्हर असो की कारकून, मूळ पगाराच्या 12 टक्के पीएफ कापला जातो. पीएफ-पेन्शन फंडांसारख्या मोठ्या गुंतवणूकदारांकडचा पैसा शेवटी असाच जमलेला असतो. तो लोकांच्या कामी यावा, पण बुडता कामा नये.

त्याचा एक मार्ग म्हणजे महापालिकांचे कर्जरोखे. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे काढले, व्याज 7.59 टक्के. पिंपरी-चिंचवडने 2025 मध्ये तेवढ्याच रकमेचे हरित रोखे आणले, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांच्या रस्त्यांसाठी. पतमानांकन, शेअर बाजारात नोंदणी, खर्चाचा जाहीर हिशेब, एवढं असलं की फंडवाले पुढे येतात. नुसत्या चांगुलपणावर कोणी पेन्शनचा पैसा लावू नये, हे माझं ठाम मत. पण आमच्या ट्रकांच्या रस्त्याकडेला पायी चालायला जागा हवी. तीही अशा पैशातून का होऊ नये?